नऊ दिवस पाहुणे, चार दिवस यजमान: नाशिक–ओडिशा देवाणघेवाण सहलीचा अभिप्राय

गेल्या कार्तिकात आमच्या घरी प्रतिपालकत्वाखाली (दत्तक न घेता सांभाळात) राहणारी सतरा वर्षांची मुलगी आणि तिच्यासारखीच आणखी तेरा मुले-मुली नाशिकरोडहून ओडिशाला जाऊन आली, आणि फेब्रुवारीत तिकडची बारा मुले-मुली चार दिवसांसाठी नाशिकला आली. या दोन्ही भागांचे मिळून माणशी १९,५०० रुपये आयोजकाने घेतले. त्यातील निम्मी रक्कम देणगीदारांनी उचलली आणि उरलेली प्रतिपालक कुटुंबांनी किंवा मुलांनी स्वतः भरली. चौदा जणांबरोबर आम्ही तिघे मोठे होतो, त्यांपैकी मी एक. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस असल्याने कोणत्याही व्यवहारात दिलेल्या पैशाचे काय मिळाले हे पाहण्याची सवय सुटत नाही, आणि त्याच सवयीने हा अभिप्राय लिहिला आहे. आयोजकाचे नाव येथे दिलेले नाही, कारण ते दिले तर गटातील मुले कोण हे नाशिकमध्ये पाच मिनिटांत कळेल.

अशी सहल साध्या यात्रा कंपनीच्या सहलीपेक्षा वेगळी का असावी लागते, हे आधी थोडे सांगायला हवे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाप्रमाणे बालगृहातील मूल अठरा वर्षांचे झाले की त्याचा तेथील मुक्काम संपतो. पुढे एकविसाव्या वर्षापर्यंत, आणि अपवाद म्हणून तेविसाव्या वर्षापर्यंत, त्याला अनुरक्षणाचा, म्हणजे बालगृह सोडल्यानंतरच्या मदतीचा, आधार मिळू शकतो. केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेत त्यासाठी दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. प्रतिपालक कुटुंबातील मुलांची गोष्ट वेगळी असते. त्यांच्यापैकी पुष्कळांचे आई किंवा वडील हयात असतात, भेटतातही, पण सांभाळू शकत नाहीत. या सगळ्या मुलांनी सहली पाहिलेल्या नसतात असे नाही. बालगृहातून शिर्डीला, वणीच्या गडावर, त्र्यंबकेश्वरला कोणी ना कोणी दाते त्यांना नेतच असतात. मात्र त्या प्रत्येक सहलीत त्यांना रांगेत उभे करून खाऊ दिला जातो आणि शेवटी आभाराचे गाणे म्हणायला लावले जाते. घेणाऱ्याच्या बाजूला उभे राहण्याचा त्यांचा अनुभव दांडगा असतो. देणाऱ्याच्या बाजूला त्यांना कोणी उभे करत नाही. या सहलीच्या माहितीपत्रकात परतीच्या पाहुणचाराचा भाग होता, आणि आम्ही पैसे भरले ते त्या एका ओळीकडे पाहून.

ओडिशाच का, या माझ्या प्रश्नाला आयोजकाने दिलेले उत्तर सरळ होते. केंद्र सरकारच्या ‘एक भारत श्रेष्ठ भारत’ उपक्रमात महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी लावलेली आहे, आणि त्याच जोडीवरून त्यांनी भुवनेश्वरमधील अनुरक्षणातील मुलांच्या एका गटाशी संपर्क साधला होता. सरकारी उपक्रमाशी या सहलीचा संबंध नव्हता, आणि तसा तो असल्याचा आव आयोजकाने आणला नाही, हे त्यांच्या प्रामाणिकपणाच्या खात्यावर जमा करतो.

कागदपत्रांच्या बाबतीत मी त्यांना पूर्ण गुण देईन. ज्यांच्या घरात जन्मदाखल्यापासून रेशनकार्डापर्यंत सगळे एका फाइलीत असते, त्यांना या कामातील अडचण कळणार नाही. आमच्या गटात असा एक मुलगा होता की बालगृहात दाखल होताना त्याचे एक नाव लिहिले गेले, शाळेच्या दाखल्यावर दुसरे आणि आधारवर तिसरे, आणि त्याचा पत्ता अजूनही ‘द्वारा अधीक्षक’ असाच आहे. रेल्वेच्या आरक्षणात यांपैकी कोणते नाव घालायचे, अठरा वर्षांखालील पाच जणांसाठी बालकल्याण समितीची लेखी परवानगी केव्हा मागायची, तिच्या किती प्रती काढायच्या आणि त्या कोणाकडे ठेवायच्या, हे सगळे आयोजकांकडच्या एका बाईंनी दोन दुपारी आमच्याबरोबर बसून पार पाडले. परवानगी हातात पडायला सतरा दिवस लागले, पण त्यांनी अर्ज दीड महिना आधीच करायला लावला असल्यामुळे कोणाची धावपळ झाली नाही.

त्याचा उपयोग भुवनेश्वरच्या निवासात पहिल्याच सकाळी दिसला. दीड दिवसाच्या प्रवासाने सगळे आंबून गेले होते, आणि काउंटरवरच्या गृहस्थांनी नोंदवही पुढे केली, तिच्यात नावानंतरचा दुसराच रकाना वडिलांच्या नावाचा होता. रांगेतला पहिला मुलगा पेन हातात धरून थांबला. आयोजकांच्या प्रतिनिधीने काहीही न बोलता पिशवीतून छापील यादी काढली. तिच्यात नाव, वय, ओळखपत्राचा क्रमांक आणि सोबतच्या मोठ्या माणसाचा फोन एवढेच रकाने होते. ती यादी त्यांनी नोंदवहीच्या पानाला टाचून घ्यायला लावली. त्या गृहस्थांनी एकदा वर पाहिले आणि टाचणी मारली. सगळा प्रकार अर्ध्या मिनिटाचा होता, पण ती यादी छापताना कोणीतरी नाशिकमध्ये बसून या रकान्याचा विचार केला होता.

असा विचार करणाऱ्या लोकांनीच त्याच संध्याकाळी मोठी चूक केली. दोन्ही गटांची ओळख व्हावी म्हणून ठरवलेला पहिला कार्यक्रम होता ‘कुटुंबवृक्ष’. प्रत्येकाला कार्डशीटचा एक तुकडा आणि हिरव्या कागदाची पाने देण्यात आली आणि पानांवर घरातील माणसांची नावे लिहून झाडाला चिकटवायला सांगण्यात आले. कोणत्याही शिबिरात चालणारा हा खेळ येथे चालणार नाही, हे आयोजकांतील एकाच्याही लक्षात कसे आले नाही याचे मला अजून नवल वाटते. सव्वीस मुले कात्री आणि डिंक घेऊन गप्प बसून राहिली. आमच्या मुलीने माझ्याजवळ येऊन हळूच विचारले, “काका, दोन झाडं काढली तर चालतील का?” सातपूरला शिलाईच्या दुकानात काम करणाऱ्या एका मुलाने बालगृहातल्या स्वयंपाकाच्या मावशी, दुकानाचे मालक आणि दुकानाबाहेर बसणारा कुत्रा अशी तीन पाने भराभर चिकटवली आणि कात्री खाली ठेवली.

कार्यक्रम वाचवला तो यजमान गटातील एका मुलीने. ती असेल वीस-एकवीस वर्षांची, अनुरक्षणातलीच. तिने मोडक्यातोडक्या हिंदीत सुचवले की माणसांची नावे राहू देत, नात्यांचे शब्द लिहू या; तुमचा शब्द एका बाजूला आणि आमचा दुसऱ्या बाजूला. पुढचा तास कसा गेला ते कळले नाही. आपला मामा त्यांच्याकडे जवळजवळ तसाच आहे, काकूला ते खुडी म्हणतात, आणि आईच्या आईला ओडियात चक्क ‘आई’ म्हणतात. हे ऐकल्यावर आमच्याकडची मुले हसायलाच लागली. मावशी मात्र दोन्हीकडे मावशीच, त्यांच्या तोंडी ‘माउसी’. बालगृहात वाढलेल्या मुलांच्या तोंडी हा शब्द सांभाळणाऱ्या बाईंसाठी असतो, आणि ओडियातही तसेच आहे असे निघाले. त्यावर त्या मुलीने सांगितले की रथयात्रेत जगन्नाथसुद्धा गुंडीचा मंदिरात जातो ते मावशीकडे जातो असेच तिकडे मानतात. आमचा शिलाईवाला मुलगा म्हणाला, “म्हणजे देवाला पण मावशीच सांभाळते.” कात्री ठेवल्यानंतरचे त्याचे हे पहिले वाक्य होते.

या आई शब्दाची गोष्ट पुढेही चालू राहिली. अठरा वर्षांवरील मुलांची राहण्याची सोय दोघादोघांच्या जोडीने स्थानिक कुटुंबांत केली होती. लहानांची सोय आमच्याबरोबर निवासातच होती आणि ते योग्यच होते. एका घरी आमचे दोन मुलगे राहिले, तेथे साठीच्या पुढच्या एक आजी होत्या आणि नातवंडे त्यांना आई म्हणत. आमच्या दोघांनीही तसेच म्हणायला सुरुवात केली. त्यातल्या एकाला मी लहानपणापासून ओळखतो. हा शब्द कोणाला हाक मारण्यासाठी वापरताना मी त्याला त्याआधी ऐकलेले नाही. निघायच्या सकाळी आम्ही त्यांना घ्यायला गेलो तेव्हा तो स्वयंपाकघराच्या दारातून “आई, चहा झाला का?” असे मराठीत विचारत होता आणि आतून ओडियात उत्तर येत होते. घरांची निवड आयोजकांनी डोळसपणे केली होती. प्रत्येक घराची पोलिसांकडून पडताळणी झाली होती, यजमानांना आधी दोन बैठकांना बोलावले होते आणि मुलांना त्यांच्या मागच्या आयुष्याबद्दल काही विचारायचे नाही असे बजावलेले होते. कुटुंबवृक्षाचा खेळ ठरवणाऱ्या माणसाला या बैठकांना बसवले असते तर बरे झाले असते.

पाहण्याच्या ठिकाणांत रघुराजपूरला दिलेला वेळ सर्वांत सार्थकी लागला. पुरीजवळचे हे गाव पटचित्रांचे आहे. गोटिपुआ नर्तकांची, म्हणजे मुलींच्या वेशात नाचणाऱ्या मुलांची, परंपरा तेथे आहे आणि ओडिसी नृत्याचे गुरू केलुचरण महापात्र याच गावचे. येथे यात्रा कंपन्या प्रवाशांना तासभर फिरवून, दोन चित्रे विकत घ्यायला लावून पुढे नेतात. आमचा पूर्ण दिवस तेथे गेला आणि मुलांनी चित्र नुसते रंगवले नाही, तर त्याची पाटी करण्यापासून सुरुवात केली. जुन्या सुती कापडाच्या घड्या चिंचोक्याच्या खळीने एकमेकींना चिकटवायच्या, त्यावर खडूची भुकटी आणि खळ यांचा लेप द्यायचा, वाळल्यावर आधी खरखरीत आणि मग गुळगुळीत दगडाने तो घोटायचा, की कापड चामड्यासारखे होते आणि त्यावर पांढरा शंखाचा, काळा काजळीचा, तांबडा हिंगुळाचा आणि पिवळा हरताळाचा असे रंग चढतात. घोटण्याचे काम कंटाळवाणे आहे आणि मनगट भरून येते. पण कारागिरांनी मुलांचे काम थांबवून कोणाला फोटोसाठी उभे केले नाही, आणि एकाचा लेप नीट लागला नव्हता तो खरवडून पुन्हा करायला लावला. ‘राहू दे, चांगले झाले’ हे वाक्य या मुलांना दयेपोटी फार वेळा ऐकावे लागते, त्यामुळे तो लेप खरवडलेला पाहून मला मनापासून बरे वाटले.

पुरीचा दिवस मात्र फसला. एक तर तो कार्तिकातल्या शेवटच्या पाच दिवसांत (तिकडे कार्तिक पौर्णिमेलाच संपतो) ठेवलेला होता, आणि त्या दिवसांत पुरीला जी गर्दी लोटते ती आपल्याकडच्या आषाढी-कार्तिकीच्या पंढरपूरची आठवण करून देणारी असते. दुसरे आणि जास्त गंभीर म्हणजे, जगन्नाथाच्या मंदिरात हिंदूंखेरीज इतरांना प्रवेश नाही ही सर्वश्रुत गोष्ट आयोजकांनी लक्षातच घेतली नव्हती. आमच्या गटात एक मुलगी ख्रिस्ती आहे आणि एक मुलगा मुसलमान. सिंहद्वारासमोर पोहोचल्यावर त्यांना ‘तुम्ही दोघे इथेच थांबा’ असे सांगण्याची पाळी आमच्यावर आली. यजमान गटातल्या त्याच मुलीने आमच्या मुलांना पाटी दाखवली आणि आपण नेहमी बाहेरूनच नमस्कार करतो असे सांगून ती त्यांच्याबरोबर थांबली. आमच्यातलेही चौघे थांबले, बाकीचे आत गेले. थांबलेल्यांनी बडदांडावर, म्हणजे मंदिरासमोरच्या रुंद रस्त्यावर, खाजा खाल्ला आणि सिंहद्वारापुढचा अरुणस्तंभ निवांत पाहिला. हा एकसंध दगडी स्तंभ मूळचा कोणार्कच्या सूर्यमंदिरापुढचा. अठराव्या शतकात मराठ्यांच्या अमलात तो येथे आणून उभा केला गेला. नागपूरकर भोसल्यांचे राज्य ओडिशावर १७५१ पासून १८०३ पर्यंत होते. आत गेलेल्यांनी आनंदबाजारातून महाप्रसाद बाहेर आणला आणि तो सगळ्यांनी मिळून रस्त्याच्या कडेला बसून खाल्ला. महाप्रसाद खाताना जातपात पाहायची नाही असा तेथे जुना रिवाजच आहे. दिवस त्यामुळे निभावला, पण ज्याने पैसे घेऊन सहल आखली त्याने ही वेळ यजमानांच्या चांगुलपणावर सोडायला नको होती.

खाण्यावरून थोडी कुरकुर झाली, तीही कार्तिकामुळेच. चिलिका सरोवराचे मासे खायला मिळणार म्हणून आमचे मुलगे नाशिकपासून वाट पाहत होते, आणि पोहोचल्यावर कळले की कार्तिकाच्या शेवटच्या पाच दिवसांत, ज्याला तिकडे पंचुक म्हणतात, बगळासुद्धा मासा खात नाही अशी तेथील म्हण आहे. चार दिवस दालमा (भाज्या घातलेली डाळ), भात आणि छेनापोड यांवर काढावे लागले. छेनापोड, म्हणजे भाजलेल्या छेन्याची तांबूस वडी, मला फार आवडली; मुलांनी एका बैठकीत तिचा फडशा पाडला आणि पुन्हा माशांची चौकशी सुरू केली. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी छाडखाई असते हे समजल्यावर त्यांच्या जिवात जीव आला. आपण श्रावणाच्या आधी गटारी करतो, ते कार्तिकानंतर छाडखाई करतात. हिशेब तोच, फक्त ते उधारी नंतर वसूल करतात.

कार्तिक पौर्णिमेची पहाट कटकला महानदीच्या काठी गेली. त्या दिवशी ओडिशात लोक केळीच्या सोपटाच्या, कागदाच्या किंवा शोल्याच्या (एका पाणवनस्पतीच्या हलक्या गाभ्याच्या) लहान होड्या करून, त्यात दिवा, विडा आणि सुपारी ठेवून पाण्यात सोडतात. बाली, जावा, सुमात्राकडे व्यापाराला निघणाऱ्या दर्यावर्दींच्या आठवणीची ही प्रथा आहे, आणि त्याच दिवसापासून कटकला बालीयात्रेची मोठी जत्रा भरते. होड्या आदल्या रात्री मुलांनी स्वतः केल्या होत्या. आमच्या मुलीची होडी सोडताच कलंडली आणि दिवा विझला. ती गुडघाभर पाण्यात उतरली, होडी परत आणली, सोपटाच्या एका बाजूला काडी खोचून तोल साधला आणि पुन्हा सोडली. या वेळी ती दहा-बारा हात नीट गेली आणि मग इतर शेकडो होड्यांत कोणती आपली ते ओळखू येईना. त्रिपुरी पौर्णिमेला रामकुंडावर आपण दिवे सोडतो ते तिने यजमानांना सांगितले, आणि सांगताना ‘आमच्या नाशिकला’ असा शब्द वापरला. तिचा जन्म नाशिकचा नाही आणि चार वर्षांत हा शब्द मी तिच्याकडून पहिल्यांदाच ऐकला.

भुवनेश्वरच्या उदयगिरी टेकडीवरील हाथीगुंफेवर आयोजकाने फक्त पाऊण तास ठेवला होता, तो अपुरा पडला. तेथील खारवेल राजाच्या शिलालेखात सातकर्णीचे नाव येते. त्याला न जुमानता आपण पश्चिमेकडे सैन्य पाठवले असे खारवेल म्हणतो. आमच्या गटातील एक मुलगा इतिहासाचा पदवीधर होऊ पाहतो आहे, त्याने तेथेच सर्वांना सांगितले की सातकर्णी म्हणजे आपल्या नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या सातवाहन राजांपैकीच. हा धागा फेब्रुवारीत त्याच्या उपयोगी पडला.

आता परतीच्या भागाविषयी, कारण खरी किंमत त्याचीच आहे. पाहुणे येण्याच्या महिनाभर आधी आयोजकाने आमच्या चौदा जणांच्या हातात चार दिवसांच्या जेवणाखाणाचे, स्थानिक प्रवासाचे आणि तिकिटांचे मिळून ३०,००० रुपये ठेवले आणि कार्यक्रम तुम्हीच ठरवा असे सांगितले. मोठ्यांनी विचारल्याशिवाय बोलायचे नाही अशी अट होती, ती मला जड गेली हे कबूल करतो. मुलांनी एक वही घातली, दोघांना खजिनदार नेमले, मिसळीच्या तीन ठिकाणी जाऊन भाव काढले आणि पांडवलेण्यांच्या पायऱ्या कोणत्या वेळी चढल्या तर ऊन लागणार नाही याचाही विचार केला. रोजच्या आयुष्यात या मुलांसाठीचा पैसा कोणाच्या तरी सहीने येतो आणि पावतीवर कोणाच्या तरी सहीने जातो. तीस हजारांची रोकड आणि तिचा हिशेब त्यांच्याकडे सोपवणे हा या सगळ्या सेवेतला सर्वांत धाडसी आणि सर्वांत शहाणपणाचा भाग होता. शेवटी ११४० रुपये उरले. त्यांचा चिवडा घेऊन पाहुण्यांच्या पिशव्यांत भरण्यात आला आणि वहीत तशी नोंद आहे.

मिसळीने पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी आणले. ओडिशातले जेवण आपल्या मानाने सौम्य असते, हे आमच्या खजिनदारांना माहीत असायला हवे होते. तर्री वेगळी मागवून, पापड आणि दही जास्तीचे घेऊन वेळ निभावली. निफाडजवळ एका प्रतिपालक कुटुंबाची द्राक्षबाग आहे. तेथे सगळ्यांनी वेलीवरून घड कापले, आणि त्या घरच्या मुलाने लासलगावच्या बाजार समितीत नेऊन कांद्याचा लिलाव दाखवला. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांच्या रांगेतून चालत चालत व्यापारी बोली करतात, मुठीत कांदा दाबून पाहतात आणि आकड्यावर आकडा चढतो. ओडिशातल्या बाजारात येणारा बराचसा कांदा नाशिक जिल्ह्यातला असतो, त्यामुळे पाहुण्यांना ती जागा पाहण्यात खरा रस होता. लाल कांदा आणि उन्हाळ कांदा यांतला फरक तो मुलगा समजावून सांगत होता, तेव्हा एरवी त्याच्याबद्दल बोलणारे सगळे मोठे लोक मागे उभे राहून ऐकत होते.

काळाराम मंदिरासमोर माहिती सांगायचे काम पुरीला बाहेर थांबलेल्या मुसलमान मुलाने मागून घेतले होते. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली येथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे चालवला आणि १९३५ पर्यंत तो चालू होता, एवढे त्याने नीट पाठ करून सांगितले. नंतर तो पाहुण्यांना म्हणाला, “चला, आत जाऊ.” पांडवलेण्यांवर आमच्या इतिहासवाल्याने तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचा लेख दाखवला. स्वतःच्या नावाआधी आईचे नाव लावणारा राजा, या त्याच्या वर्णनावर दोन्ही गटांत बराच वेळ चर्चा झाली, कारण त्यांच्यापैकी कितीतरी जणांच्या कागदांवर फक्त आईचेच नाव आहे.

परतीच्या भागातही ढिलाई होती. पाहुण्या मुलींच्या वसतिगृहात फेब्रुवारीच्या थंडीत दोन दिवस गरम पाणी नव्हते, आणि निफाडला जाणारी बस अडीच तास उशिरा आली. फोनवर प्रत्येक वेळी ‘निघालीच’ एवढेच उत्तर मिळत होते.

तक्रारींतली सर्वांत मोठी तक्रार शेवटी ठेवली आहे. निघायच्या रात्री नाशिकरोड स्टेशनबाहेर आयोजकांनी एक फलक आणला होता आणि त्यावर ‘अनाथ व निराधार मुलांची ओडिशा सहल’ अशी मोठी अक्षरे होती. मोठ्या मुलांनी त्याच्यामागे उभे राहायला नकार दिला. आमच्या मुलीची आई हयात आहे आणि दर महिन्याला तिला भेटते. ती अनाथ नाही आणि तिच्या वतीने तसे लिहिण्याचा अधिकार कोणाला नाही. फलक गुंडाळला गेला. पण सहलीच्या तिसऱ्या दिवशी मुलांचे चेहरे स्पष्ट दिसतील असे फोटो तशाच मथळ्याखाली आयोजकांच्या समाजमाध्यमांवरील खात्यावर झळकले. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ नुसार काळजी व संरक्षणाखालील मुलाची ओळख उघड करणे हा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशा शिक्षेचा गुन्हा आहे. अठरा वर्षांवरील मुलांना तरी विचारायला हवे होते, तेही झाले नाही. फोटो काढायला लावण्यासाठी मला पाच फोन करावे लागले आणि तीन दिवस गेले. तोवर सातपूरच्या त्या मुलाच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांनी ते पाहिलेही होते.

आणखी एक बाब आयोजकाच्या हिशेबात कधी आलीच नाही. गटातले पाच जण रोजंदारीवर किंवा कंत्राटावर काम करतात. अंबडच्या कारखान्यात रोज पाचशे रुपयांवर जाणाऱ्या मुलाची नऊ दिवसांची मजुरी म्हणजे साडेचार हजार रुपये बुडाले. अनुरक्षणाचे महिन्याचे पैसे आणि वर आणखी पाचशे एवढा तो तोटा आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर पंधरवड्याने पौर्णिमा येते, त्यामुळे कारखान्यातल्या मुलांना रजा मिळणे कठीणच होते, आणि एकाला परत आल्यावर कामावर घेतले नाही. त्याला पुन्हा काम मिळायला दीड महिना लागला. होडीची पौर्णिमा दाखवण्यासाठी ही तारीख निवडली होती हे मान्य, पण ज्यांच्यासाठी ती निवडली त्यांना ती परवडते का, हे विचारायला हवे होते.

एवढे असूनही पुढच्या वर्षी आमच्या मुलीला पुन्हा पाठवायचे आम्ही ठरवले आहे. तेव्हा ती अठरा वर्षांची झालेली असेल आणि अर्जावर तिचीच सही लागेल. कागदपत्रे, घरांची निवड, रघुराजपूरचा दिवस आणि ती तीस हजारांची वही यांसाठी १९,५०० रुपये मला जास्त वाटत नाहीत. इतर प्रतिपालकांनी आणि अधीक्षकांनी पैसे भरण्यापूर्वी फोटो आणि मजकुराबाबत लेखी कबुली घ्यावी, सर्व कार्यक्रमांची यादी आधी मागून मुलांनाच वाचायला द्यावी, कमावत्या मुलांच्या मजुरीचे काय हे विचारावे, आणि परतीचा पाहुणचार रद्द होणार असेल तर अर्धी रक्कम परत मिळेल असे लिहून घ्यावे. आयोजकांनी पुढच्या वर्षीच्या कराराचा मसुदा गेल्या आठवड्यात पाठवला. फोटोंचे कलम त्यात आहे, मजुरीचे नाही, आणि पहिल्या पानावर सहलीच्या नावात ‘निराधार’ हा शब्द अजून तसाच आहे. मुलीने तो लाल पेनाने खोडला, समासात स्वतःची सही केली आणि मसुदा परत पाठवला आहे.